कानातला फाया

वडील कचेरीला निघताना हिना अत्तराचा फाया कानाच्या वळीत ठेवीत. मी नोकरीला लागल्यावर ‘ओल्ड स्पाइस’ आणले. १९३८ साली अमेरिकेत पुरुषांसाठी निघालेले हे द्रव्य. बाटलीवर शिडाचे जहाज. लवंग-दालचिनीचा तो दरवळ मला आधुनिक वाटे, अत्तर जुनाट. एकदा तसे बोलूनही दाखवले. वडील नुसते हसले; पण त्यानंतर माझ्यासोबत बाहेर पडताना त्यांच्या कानात फाया नसे.

ते गेल्यावर वर्षाने त्यांचा कोट उघडला. स्पिरिटातला सुगंध दुपारपर्यंत उडून जातो. चंदनाच्या तेलात उतरवलेला हिना मात्र अस्तरात तसाच होता. हल्ली चारमिनारजवळून अत्तराची कुपी मीच आणतो. फाया कानात ठेवताना, क्षमा मागायची राहून गेली, हे रोज आठवते.