‘प्रायमा फेसी’ : दोन शब्दांवर अडलेला न्याय

अॅट्रॉसिटीच्या प्रकरणातला अटकपूर्व जामिनाचा कुठलाही आदेश काढून वाचा. पानभर मजकुरात दोन शब्द हमखास सापडतील : ‘प्रायमा फेसी’. या दोन शब्दांच्या अलीकडे आरोपीला अटक आहे आणि पलीकडे जामीन आहे. आपल्या चळवळीतली पोरं हे शब्द रोज वापरतात. निवेदनात लिहितात, फेसबुकवर लिहितात, चॅनलच्या चर्चेत बोलतात. पण ज्या अर्थानं ते वापरले जातात तो अर्थ पुष्कळदा उलटा असतो, आणि त्या उलट्या अर्थाचा फायदा समोरच्याला होतो. म्हणून आज या दोन शब्दांवरच लिहायचं ठरवलं.

आधी शब्दाचा अर्थ. हे लॅटिन आहे. ‘प्रायमा’ म्हणजे पहिली. ‘फेसी’ हे ‘फेसीज’ या नामाचं रूप. अर्थ चेहरा, दर्शनी रूप. इंग्रजीतला ‘फेस’ हा शब्द तिथूनच आला. लॅटिनमध्ये मराठीसारखीच नामाला विभक्ती लागते, आणि ‘फेसी’मध्ये ती लागलेलीच आहे. त्यामुळे पूर्ण अर्थ होतो ‘पहिल्या दर्शनात’. मराठीत यासाठी तंतोतंत शब्द आहे : प्रथमदर्शनी. घरी, दारी, सकाळी यांत जी ‘ई’ आहे तीच ‘प्रथमदर्शनी’त आहे. जुन्या कोर्टाच्या मराठीत ‘सकृद्दर्शनी’ असंही लिहायचे. उच्चार कुणी ‘प्रायमा फेसी’ करतं, कुणी ‘प्रायमा फेशी’. दोन्ही चालतात, त्यावरून कुणी हसलं तर हसू द्या.

मराठीची ही ‘ई’ लक्षात ठेवली की निम्म्या चुका आपोआप टळतात. ‘दारीमध्ये’ असं आपण म्हणत नाही, कारण ‘मध्ये’ आधीच आत आहे. तसंच ‘इन प्रायमा फेसी’, ‘अॅट प्रायमा फेसी’ असं इंग्रजीत होत नाही. वाक्य सरळ सुरू करा : ‘प्रायमा फेसी, द लिस्ट व्हायोलेट्स द रोस्टर.’ म्हणजे प्रथमदर्शनी ही यादी बिंदुनामावलीचा भंग करते. दुसरा वापर विशेषणाचा आहे, पण मग पुढे नाम हवंच : ‘प्रायमा फेसी केस’, ‘प्रायमा फेसी एव्हिडन्स’. ‘देअर इज अ प्रायमा फेसी अगेन्स्ट हिम’ हे वाक्य अर्धवट आहे. त्यात ‘केस’ राहून गेली. ‘देअर इज अ प्रायमा फेसी केस अगेन्स्ट हिम’ हे पूर्ण झालं.

व्याकरण एवढंच. खरी गडबड अर्थाची आहे.

पहिली गडबड : ‘प्रायमा फेसी’ म्हणजे ‘स्पष्टपणे’ किंवा ‘सिद्ध झालं’ असं समजणं. ‘इट इज प्रायमा फेसी प्रूव्हड’ हे वाक्य आम्ही कितीतरी निवेदनांत पाहिलं आहे. हे वाक्य स्वतःलाच खोडतं. प्रथमदर्शनी म्हणजे पुरावा अजून तपासायचा आहे. सिद्ध म्हणजे तपासून झालं. दोन्ही एकत्र कसं असेल? असं वाक्य लिहिलं की समोरचा वकील लगेच विचारतो, ‘सिद्ध कुठं झालंय?’ आणि जे ओझं कायद्यानं आपल्यावर त्या टप्प्याला टाकलेलंच नाही, ते आपण स्वतःहून डोक्यावर घेतो.

दुसरी गडबड : ‘प्रायमा’ ऐकून ‘प्रायमरी’ आठवणं. मग ‘सर्वप्रथम’, ‘मुख्यतः’ अशा अर्थानं शब्द वापरला जातो. ‘प्रायमा फेसी, आवर डिमांड इज स्कॉलरशिप’ याला काहीच अर्थ नाही. शिष्यवृत्ती ही मुख्य मागणी असेल तर ‘आवर मेन डिमांड’ लिहा. साध्या शब्दात काम होत असेल तिथं लॅटिन घालून कुणाचा मोठेपणा वाढत नाही.

तिसरी गडबड आपली नाही, समोरच्यांची आहे, आणि ती सगळ्यात महाग पडते. घटना घडून चोवीस तास होत नाहीत तोवर बातमी येते : ‘प्रथमदर्शनी जातीय कारण दिसत नाही.’ हे कुणी पाहिलं? कुठल्या कागदावर पाहिलं? कायद्याच्या भाषेत प्रथमदर्शनी पाहायचं असतं ते तक्रारीकडे. तक्रारीत लिहिलेलं खरं धरलं तर गुन्ह्याचे घटक त्यात दिसतात की नाही, एवढाच प्रश्न त्या टप्प्याला असतो. साक्षीदार खोटं बोलतो का, जुनं वैर आहे का, जमिनीचा वाद आहे का, हे प्रश्न पुढचे. पण पीडितानं तक्रार दिली की तिच्यावर पहिल्याच नजरेत शंका घ्यायची, आणि आरोपीचा खुलासा मात्र पहिल्याच नजरेत खरा मानायचा, हा या देशाचा जुना रिवाज आहे. ‘फेसी’चा अर्थ चेहरा. इथं पहिल्या नजरेत चेहरा आणि आडनावच पाहिलं जातं.

आता हा शब्द आपल्या कायद्यात कसा शिरला ते पाहू. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 18 अटकपूर्व जामिनाला मनाई करतं. हे कलम घटनाबाह्य आहे असं म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 1995 साली न्यायालयानं ते वैध ठरवलं. जातीय अत्याचार करणारा मोकळा राहिला तर पीडिताला धमकावेल, तपास बिघडवेल, ही भीती न्यायालयानं खरी मानली.

मग 20 मार्च 2018 चा महाजन निकाल आला. आपल्या महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी वरिष्ठांची परवानगी, आणि प्रथमदर्शनी गुन्हा दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन. 2 एप्रिल 2018 ला देश रस्त्यावर उतरला, त्यात माणसं मेली. त्या उठावामुळे संसदेला त्याच वर्षी कलम 18-अ आणावं लागलं : गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही, अटकेला परवानगीची गरज नाही. 1 ऑक्टोबर 2019 ला न्यायालयानं फेरविचारात आपले ते निर्देश मागे घेतले. अनुसूचित जाती-जमातीचे लोकच कायद्याचा गैरवापर करतात असं गृहीत धरता येणार नाही, हेही त्यात सांगितलं.

10 फेब्रुवारी 2020 ला पृथ्वीराज चौहान प्रकरणात 18-अ वैध ठरलं. आपण आनंद मानला, तो योग्यच होता. पण त्याच निकालात एक वाक्य आहे जे आपल्यापैकी थोड्यांनीच नीट वाचलं : तक्रारीतून या कायद्याखालचा प्रायमा फेसी गुन्हा दिसत नसेल, तर जामिनाची मनाई लागू होणार नाही. म्हणजे रस्त्यावर जिंकलेली लढाई आता एका शब्दाच्या अर्थावर येऊन थांबली आहे. म्हणून हा भाषेचा तास महत्त्वाचा आहे.

या शब्दाचा बरोबर अर्थ सर्वोच्च न्यायालयानं स्वतःच सांगितलेला आहे. 2012 साली महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात न्यायालय म्हणालं की या टप्प्याला पुराव्याची चिकित्सा करायची नाही. तक्रारीतल्या कथनात गुन्ह्याचे घटक आहेत का एवढंच पाहायचं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये, पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, मुंबई उच्च न्यायालयानं दिलेला अटकपूर्व जामीन रद्द करताना हीच भूमिका घेतली गेली : जामिनाच्या वेळी छोटा खटला चालवायचा नाही. हे दोन निकाल म्हणजे ‘प्रायमा फेसी’ या शब्दाचा आपल्यासाठीचा शब्दकोश आहे.

तरीही दोष सगळा कोर्टावर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. पहिली नजर कागदावर पडते. कागदात नसेल ते त्या नजरेला दिसत नाही. आमच्या विहारात रविवारी तक्रारी-अर्ज लिहायला मंडळी बसतात. येणाऱ्या माणसाच्या तोंडी सगळं असतं, पण ठाण्यातून आलेल्या प्रतीत ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढंच लिहिलेलं असतं. कुठली शिवी? कुठे? कोण ऐकत होतं? लिहून घेणाऱ्यानं ते गाळलं, आणि सही करणाऱ्यानं वाचून पाहिलं नाही. सहा महिन्यांनी तीच प्रत जामिनाच्या सुनावणीत आपल्याविरुद्ध उभी राहते.

म्हणून कलम 3(1)(र) किंवा 3(1)(स) ची तक्रार असेल तर या गोष्टी कागदावर आल्याशिवाय सही करू नका : तक्रारदाराची जात, आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही हे, आरोपीला आपली जात माहीत होती हे कशावरून, जे शब्द वापरले ते जसेच्या तसे, घाण वाटले तरी, तारीख, वेळ, जागा, आणि तिथं कोण हजर होतं. ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशी जागा’ हा घटक फार वेळा निसटतो. 2008 साली न्यायालयानं सांगितलं आहे की जागा खाजगी असली तरी रस्त्यावरून दिसणारं अंगण अशा जागेत मोडतं. उलट 2020 च्या एका निकालात चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान यात बसला नाही. त्यामुळे ‘घरी येऊन शिवी दिली’ आणि ‘घरासमोर अंगणात, शेजारी बघत असताना शिवी दिली’ या दोन वाक्यांत कायद्याच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. जे घडलं तेच लिहायचं, वाढवून एक अक्षर नाही. पण घडलेलं सगळं लिहायचं.

अजून एक नवी अडचण. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) मध्ये हेच शब्द आले आहेत. तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, ‘प्रायमा फेसी केस’ आहे का हे पाहायला पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवस चौकशी करता येते. अॅट्रॉसिटीच्या कलम 3(1) ची कमाल शिक्षा पाच वर्षं आहे. म्हणजे ‘चौकशी चालू आहे, पंधरा दिवसांनी या’ असं सांगायला ठाण्याला नवं कारण मिळालं. तिथं शांतपणे 18-अ दाखवा. अॅट्रॉसिटी हा विशेष कायदा आहे, आणि त्यात प्राथमिक चौकशीची गरज नाही असं संसदेनं लिहून ठेवलेलं आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम 4 आहे, याचीही आठवण करून द्या. आणि जामिनाची सुनावणी लागली तर कलम 15-अ प्रमाणे पीडिताला सूचना मिळण्याचा आणि म्हणणं मांडण्याचा अधिकार आहे. तिथं उभं राहून म्हणा : ‘द कंप्लेंट डिस्क्लोजेस अ प्रायमा फेसी केस.’ तक्रारीतून प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो. यापेक्षा एक शब्द जास्त नको.

काही मित्र म्हणतील, हे लॅटिन कशाला? मराठीत लढा. मराठीत लिहिताना ‘प्रथमदर्शनी’च लिहा, हे आमचंही म्हणणं आहे. पण आदेश इंग्रजीत येतो, आणि तो वाचता आला नाही तर आपल्या नशिबाचा अर्थ दुसराच कुणी सांगतो. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, पर्शियन घ्यावं लागलं. नंतर तेच लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, आणि ज्या भाषेत कायदा बंद करून ठेवला होता त्याच भाषेत त्यांनी तो उघडला. भाषेला कुलूप लावणं ही या व्यवस्थेची जुनी युक्ती आहे. कुलूप संस्कृतचं असो की लॅटिनचं, किल्ली आपल्या खिशात हवी.

शेवटचा मुद्दा निकालानंतरचा. आरोपी सुटला की ‘बघा, खोटी केस होती’ असा गलका होतो. इथंही हाच शब्द कामाला येतो. प्रथमदर्शनी गुन्हा होता म्हणून खटला चालला; साक्षीदार फुटले, तपास कच्चा राहिला, म्हणून सिद्ध झाला नाही. प्रथमदर्शनी असणं, सिद्ध होणं आणि खोटं ठरणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला या तीन गोष्टी वेगळ्या सांगता येतात त्याला कुठल्याही चर्चेत कुणी गप्प करू शकत नाही.

तुमच्या जिल्ह्यातला एक जामीन आदेश मिळवा, पाचजण एकत्र बसा, आणि जिथं जिथं ‘प्रायमा फेसी’ येईल तिथं पेन्सिलनं खूण करून विचारा : इथं न्यायालयानं तक्रार वाचली, की पुरावा तोलला? पुरावा तोलला असेल तर अपिलाचा मुद्दा तुमच्या हातात आहे. कलम 14-अ प्रमाणे त्याची मुदत नव्वद दिवसांची आहे. उशीर करू नका.

जय भीम!