पाय पुढे करताना

पवित्र गुरुवारच्या मिस्सात बारा जणांचे पाय धुण्याचा विधी मी गेली अनेक वर्षे करीत आलो आहे. गुडघे टेकायचे, पाणी ओतायचे, टॉवेलने पाय पुसायचे आणि पुढच्या व्यक्तीकडे सरकायचे. त्या विधीवर मी प्रवचनेही पुष्कळ दिली. सेवा करणे म्हणजेच नम्रता, असे त्या प्रवचनांचे सार असे. ते चुकीचे नव्हते, परंतु अर्धेच होते. उरलेले अर्धे शिकण्यासाठी मला अंथरुणाला खिळावे लागले.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. उपवासकाळातील पाचव्या रविवारची ती आदली संध्याकाळ होती. ख्रिस्तमंदिरातील मूर्तींवर जांभळी कापडे घालायची होती. आमचे मंदिरसेवक वयाने माझ्याहून बरेच वडील. ते म्हणाले, “फादर, जरा थांबा, गायनमंडळाची मुले येतीलच.” मी थांबलो नाही. ‘मुलांची वाट कशाला बघायची, दहा मिनिटांचे काम,’ असे म्हणत मी शिडीवर चढलो. तोल गेला आणि उजवा घोटा मोडला. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले.

झावळ्यांच्या रविवारी मी धर्मगुरुनिवासातील खोलीत पडून मिरवणुकीची गाणी ऐकत होतो. सर्व विधी आमच्या तरुण सहायक धर्मगुरूंनी केले. मिस्सानंतर माणसे मला भेटायला आली आणि प्रेमाने म्हणाली, “फादर, काही काळजी करू नका. सगळे छान पार पडले.” मी हसून मान डोलावली, पण खरे सांगायचे तर ते वाक्य मला बोचले. माझ्यावाचून काहीतरी अडावे, निदान थोडेसे तरी, अशी माझी सुप्त इच्छा होती. मळा प्रभूचा आहे आणि आपण त्यातले गडी आहोत, असे मी लोकांना वर्षानुवर्षे सांगत होतो. प्रत्यक्षात मालकीची भावना माझ्या मनात केव्हा शिरली, ते मला कळलेही नव्हते.

त्या दिवसांत मंदिरसेवक रोज सकाळी कोमट पाण्याची बादली घेऊन येत. मला वाकता येत नव्हते. ते माझा डावा पाय धूत आणि प्लास्टरबाहेर आलेली उजव्या पायाची बोटे ओल्या फडक्याने पुसत. मी रोज म्हणे, “राहू द्या हो, नको.” ते ऐकत नसत. माझ्या संकोचाला आणखी एक कारण होते. आदल्या वर्षी पास्काच्या रात्री धूपपात्रातील निखारे विझले, तेव्हा मी या वृद्ध माणसाला वेदीसेवक मुलांच्या देखत कडक शब्दांत बोललो होतो. ते गप्प राहिले होते. नंतर माफी मागावी असे कितीदा तरी मनात आले. परंतु ‘आता एवढ्या दिवसांनी कशाला,’ असे म्हणत मी ते टाळले होते.

पवित्र गुरुवारी सकाळी मी पुन्हा ‘नको’ म्हणालो, तेव्हा ते बादली खाली ठेवून म्हणाले, “फादर, दरवर्षी आम्ही बारा जण लाजत लाजत पाय पुढे करतो. आज तुम्ही करा.”

मी पाय पुढे केला. त्या क्षणी मला संत पेत्र आठवला. योहानच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात तो प्रभूला आपले पाय धुऊ देत नाही. वरवर पाहता ती नम्रता वाटते. गुलामाचे काम गुरूने कसे करावे? परंतु प्रभू त्याचे कौतुक करीत नाही. धुऊ दिले नाहीस तर तुझा-माझा वाटा एक राहणार नाही, अशा अर्थाचे कठोर शब्द त्याला ऐकवतो. पेत्राच्या नकारात अहंकार दडला होता. घेणारा होण्यास त्याचे मन तयार नव्हते. माझेही नव्हते.

मग मी त्या निखाऱ्यांचा विषय काढला आणि क्षमा मागितली. मंदिरसेवकांनी मान वर केली नाही. पाय पुसता पुसता ते म्हणाले, “त्या रात्री निखारे विझले होते हे खरेच, फादर. माझे लक्ष नव्हते. पण पोरांसमोर नको होते.” एवढेच. स्वतःची चूक लपवली नाही आणि माझीही लपवली नाही. नम्रता म्हणजे सत्यात चालणे, अशी शिकवण अविलाच्या संत तेरेजाने दिली आहे. सेमिनरीत आम्ही ती अभ्यासली होती. त्या सकाळी ती माझ्या पायाशी बसली होती.

आपल्या घरांतील वडीलधारी माणसे नेहमी एक प्रार्थना करतात : ‘हातीपायी धड असतानाच देवाने न्यावे, कुणावर भार नको.’ मीही ती मनोमन केली आहे. तिच्यामागे मुलांविषयीची माया आहे, यात शंका नाही. तरीही स्वतःला विचारून पाहावे : आयुष्यभर ज्यांना भरवले, त्यांच्या हातचा घास घेण्यात एवढे कमीपण का वाटावे? सुनेला स्वयंपाकघराचा ताबा न देणारी आई, नोकरी सुटल्याचे भावालाही न सांगणारा कर्ता पुरुष, हे सर्व पेत्राचेच सोबती. माणसाचा हात धरायला जो लाजतो, तो देवाचा हात धरण्यासही कचरतो, असा माझा अनुभव आहे.

अरण्यात इस्राएली लोकांना मान्ना मिळाला, तो त्या त्या दिवसापुरता. ज्यांनी आज्ञा मोडून दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले. प्रभूनेही आपल्याला आजच्या भाकरीसाठीच प्रार्थना करायला शिकवले, वर्षभराच्या कोठारासाठी नव्हे. उद्या पुन्हा मागावे लागेल, हीच त्यातील गोम आहे. देवाला आपले रोजचे मागणे हवे आहे, कारण त्यातूनच नाते टिकते.

13 मार्च 2013 रोजी पोप फ्रान्सिस निवडीनंतर प्रथमच सज्जात आले, तेव्हा लोकांना आशीर्वाद देण्यापूर्वी त्यांनी मस्तक लववले आणि आपल्यासाठी प्रार्थना करण्याची लोकांना विनंती केली. चौकात शांतता पसरली. अंथरुणावर पडल्या पडल्या मला ते दृश्य वारंवार आठवे. देणाऱ्याने आधी घ्यावे लागते, हे त्यांनी एकही प्रवचन न देता सांगितले होते.

घोटा आता बरा आहे. पावसाळ्यात तेवढा दुखतो. रात्रीच्या प्रार्थनेत मी एक प्रश्न स्वतःला विचारतो : आज मी कुणाकडून काय घेतले? पूर्वी मी केवळ काय दिले याचा हिशेब करीत असे. कधी उत्तर सापडते, कधी ‘नको’ म्हणून परत पाठवलेली माणसेच डोळ्यांसमोर येतात. त्यांची मी क्षमा मागतो आणि दिवस प्रभूच्या हाती सोपवतो.

यंदा मूर्तींवर कापडे घालायची वेळ आली, तेव्हा मी शिडी खालून धरून उभा राहिलो. वर गायनमंडळातला एक मुलगा होता. कापड थोडे वाकडे बसले होते. मी काही बोललो नाही.