कोफ्त्यातला तांदूळ

'कोफ्ता' हा शब्द फारसीतल्या 'कुटणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला. खोपोलीच्या आमच्या घरात हे कुटणं पाट्यावर व्हायचं. खिमा अर्धा किलो, खाणारी तोंडं नऊ. म्हणून अम्मी त्यात भिजवलेला कच्चा तांदूळ मूठभर घालायची. तांदूळ कर्जतकडचा, जाडा. रश्श्यात तो फुगतो, कोफ्ता मोठा होतो आणि मऊही राहतो.

गाईची कत्तल १९७६च्या कायद्यानेच बंद होती. २०१५ साली बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीच्या मांसाला बंदी नाही; पण पिशवीत काय आहे, हे वाटेत विचारलं जाईल ही धास्ती घरात शिरली ती शिरलीच. आता आम्ही बकऱ्याचा खिमा आणतो. तो महाग, म्हणून पावकिलोच. तांदळाची मात्र दीड मूठ झाली.

मुलीला हे कोफ्ते असेच आवडतात. तिला दुसरी चव ठाऊकच नाही. तिला मी एवढंच शिकवलंय: रस्सा खळखळ उकळला की कोफ्ते एकेक करून सोडायचे, आच मंद करायची आणि चमचा न लावता पातेलंच हलवायचं. मग ते फुटत नाहीत.