तुटीचा रकाना

आमच्या घरात एक वही आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. दर लक्ष्मीपूजनाला ती पाटावर मांडली जाते आणि तिला हळदकुंकू वाहिले जाते. पाहुण्यांना वाटते, ती माझ्या नव्या कादंबरीची वही असावी. मीही त्यांचा गैरसमज लगेच दूर करीत नाही. पण खरे सांगायचे तर त्या वहीत तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, गूळ आणि कांदे-बटाटे यांखेरीज एकही पात्र नाही.

ही वही घरात आली ती २०२० सालच्या टाळेबंदीत. आमचे 'हे' वाड्याकडच्या एका कारखान्यात भांडारपाल होते. मार्च महिन्यात कारखान्याला कुलूप लागले आणि हे जव्हारला घरी येऊन बसले. पगार थांबला. मी एका बालवाडीत शिकवते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, तेव्हा माझा पगार किती असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. सासूबाई, मुलगी आणि आम्ही दोघे असा चौघांचा संसार त्या पगारावर आला.

आयुष्यभर दुसऱ्याचा माल मोजलेला माणूस रिकामा बसला, की तो काय करणार? चौथ्या दिवशी हे स्वयंपाकघरात आले, फळीवरचे डबे एकेक करून खाली काढले आणि तराजू मागितला. मी म्हटले, "अहो, हे काय चाललंय?" म्हणाले, "साठा मोजतोय." सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "अरे, अन्न असं मोजू नये. बरकत जाते."

संध्याकाळपर्यंत वही तयार झाली. रकाने चार : आवक, जावक, शिल्लक आणि तूट. माझ्या कादंबऱ्यांच्या न खपलेल्या प्रतीही त्यातून सुटल्या नाहीत. 'आवक ५०, जावक ११, शिल्लक ३७, तूट २ (वाळवी)' ही नोंद मी आजही कुणाला दाखवीत नाही.

त्यापूर्वी मी हिशेब ठेवीत नव्हते असे नाही. कॅलेंडरच्या पाठीवर मी रुपये लिहीत असे : वाण्याचे इतके, दुधाचे इतके. महिनाअखेरीस बेरीज करून उसासा टाकला की माझा हिशेब पुरा होई. यांचे म्हणणे वेगळे होते. "रुपये लिहिलेस तर पैसे कुठे गेले ते कळतं. माल कुठे गेला ते कळत नाही." पाच किलो डाळ आली, साडेतीन किलो शिजली आणि डब्यात एकच किलो उरली, तर मधला अर्धा किलो गेला कुठे? भांडारात याचा जाब द्यावा लागतो. घरात तो कुणी विचारीत नाही.

मला राग आला. बायकोच्या फळीवर नवऱ्याने नजर ठेवावी, ही गोष्ट कुठल्या बाईला रुचेल? हे मला गांधीजींचा दाखला देऊ लागले. लंडनमध्ये शिकत असताना गांधीजी पै-पैचा हिशेब लिहीत आणि निजण्यापूर्वी तो जुळवीत. मी म्हटले, "तेव्हा त्यांच्या घरी आलागेला येत नव्हता, आणि सासूबाईही नव्हत्या." मग मी एक युक्ती केली. आंबलेला भात, बुरशी आलेली भाकरी, पिवळी पडलेली मेथी यांतले जे टाकावे लागे, ते मी सरळ 'जावक'मध्ये लिही. त्यामुळे तुटीचा रकाना तीन महिने कोरा राहिला. यांना तो पाहून समाधान वाटे, आणि मला आपल्या हुशारीचे.

आता हे अन्न वाया का जात होते, तेही सांगते. आळसाने नव्हे, उलट चांगल्या वळणामुळे. आमच्या सासूबाई चौघांसाठी सहाजणांचा भात लावीत. अवेळी कुणी दारात आले तर 'थांबा, टाकते' म्हणायची पाळी येऊ नये, हा त्यांचा कुलधर्म. टाळेबंदीत तर कुणी येण्याची शक्यताच नव्हती, तरी दोन माणसांचा भात रोज न येणाऱ्या पाहुण्यांची वाट पाहत राही. त्यात मी भीतीची भर घातली होती. मिळेल न मिळेल म्हणून गव्हाच्या पिठाच्या पाच-पाच किलोंच्या दोन पिशव्या जादा आणून ठेवल्या आणि त्या पलंगाखाली सरकवल्या. त्या वहीत चढवल्याच नव्हत्या.

जव्हारचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. आषाढ लागला की इथे कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरते आणि काडेपेटी पेटत नाही. श्रावणात एकदा केर काढताना पिशव्या हाती लागल्या. उघडल्या तर पिठाला जाळी धरलेली, आत अळ्या, आणि वास असा की मान फिरवावी. हे घरात नाहीत असे पाहून मी त्या मागच्या दारी नेऊन ठेवल्या. खड्ड्यात टाकून वर माती लोटायची, इतकेच बाकी होते.

तेवढ्यात मावशी आली. मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची ही म्हातारी पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बाजाराला यायची. त्या वर्षी बाजार भरत नव्हता, म्हणून दारोदार फिरत होती. पाटीत टाकळा, कुरडू आणि बांबूचे कोवळे कोंब होते. तिचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली होती. टाळेबंदीत चालत परत आली. हातात मजुरी थोडी, खाणारी तोंडे सहा, आणि नागलीची रोपे नुकतीच लावलेली. तिने पिशव्या पाहिल्या, पीठ चिमटीत घेतले, आणि विचारले,

"किती दिसांचं व्हतं, बाय?"

मी म्हटले, "दहा किलो होतं, मावशी. साडेतीनशे रुपयांचं."

"तसं नाय. दिस किती?"

मला उत्तर देता आले नाही. तिच्या आवाजात ठपका नव्हता. जिला आपली कणगी किती दिवस पुरेल एवढा एकच हिशेब ठाऊक, तिने सहज विचारलेला प्रश्न होता तो. मी म्हटले, "नेऊ नका, किडलंय." ती म्हणाली, "चाळून बघीन. नायतर कोंबड्या खातील." तिने पिशव्या पाटीत घातल्या, आणि टाकळ्याच्या दोन जुड्या माझ्या पायरीवर ठेवल्या. मी पैसे काढू लागले तर हाताने 'नको' म्हणाली. माझ्या किडलेल्या पिठाचे मोल चुकते करून ती बाई पावसात निघून गेली.

रात्री मी ते गणित सोडवायला बसले. अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला रेशनवर महिन्याला ५ किलो धान्य मिळते. म्हणजे मी पलंगाखाली कुजवले ते एका माणसाचे दोन महिन्यांचे धान्य. प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या दुपारच्या जेवणासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य धरतात. म्हणजे शंभर मुलांचे एका दुपारचे. रोज मुलांना शंभरापर्यंत अंक म्हणून घेणाऱ्या बाईला हा शंभर इतका मोठा असतो, हे तोवर ठाऊक नव्हते.

आणि मग मला दुसरी एक वही आठवली.

माझे वडील मोखाड्यात किराणा दुकान चालवीत. त्यांची लाल कापडी वही होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिची पूजा होई आणि मी तिच्यावर अक्षता टाकी. त्या वहीत पाड्यापाड्यांची पाने होती. आषाढात घरातले धान्य संपले की लोक खावटी न्यायला येत. दोन पायली नेले की पीक आल्यावर तीन पायली घालीत. वडील काही दुष्ट नव्हते. 'दिढी'चा तो रिवाज साऱ्या मुलखात होता, आणि आजारपणात ते पदरचे औषधही देत. पण त्या लाल वहीला तुटीचा रकाना नव्हता, हे त्या रात्री प्रथम माझ्या ध्यानात आले. दुकानाला तूट येतच नव्हती. तूट होती ती पाड्यावर, आणि ती लिहायला तिथे कुणाजवळ वही नव्हती.

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुले दगावली. मी तेव्हा शाळेत होते. मोटारी आल्या, वर्तमानपत्रवाले आले, मंत्री आले. आमचा मुलूख साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला तो अशा कारणाने. ज्या दुकानाच्या मिळकतीवर मी शिकत होते, त्याच्या फळ्या तेव्हाही भरलेल्या होत्या. भूक पडते ती नेहमी धान्य नसल्यामुळेच पडते असे नाही. एकाच पावसाचे पीक, नंतर काम नाही, डोक्यावर उसनवारी, पोटासाठी गाव सोडून भट्टीवर जाणे, अशी तिची साखळी असते. मी भात वाया घालवला नाही, म्हणून तो मावशीच्या नातवाच्या ताटात जाऊन पडत नाही, हे मला कळते. पण निदान माझ्या घरात तरी 'किती दिसांचं?' या प्रश्नाला उत्तर असले पाहिजे, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी यांच्यापुढे वही ठेवली आणि तीन महिन्यांची लबाडी कबूल केली. हे रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "भांडारात पहिल्यांदा सगळे असंच करतात." मी लिहिले : 'गव्हाचे पीठ, तूट १० किलो.' शेजारी पाचवा रकाना आखला, त्याचे नाव 'दिवस'. त्यात लिहिले, ६०.

तेव्हापासून चार गोष्टी बदलल्या. बाजाराला निघण्यापूर्वी डबे पाहायचे आणि मगच यादी करायची. आधी आलेला माल आधी वापरायचा. नवी डाळ जुनीच्या डोक्यावर ओतायची नाही. भात मूठमापाने न लावता पेल्याने लावायचा. आणि टाकावे लागले तर न लाजता लिहायचे. उरलेल्या भाताला फोडणी आणि शिळ्या भाकरीचा कुस्करा यांत नवे काही नाही. ते आपल्या आज्यांनाही येत होते. नवे एवढेच की, ते किती वेळा करावे लागते हे आता आम्हाला कळते. गव्हाचे पीठ थोडे-थोडे आणतो आणि वर्षाची नागली मावशीकडून घेतो. नागली नीट वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते, हे आम्ही शहाणपण मिरवणारे लोक विसरलो होतो.

सासूबाईंची समजूत मात्र मावशीनेच काढली. सासूबाईंनी तिला एकदा विचारले, "तुझ्याकडे अवेळी पाहुणा आला तर गं?" मावशी म्हणाली, "आंबिलीत पाणी वाढवतू." सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आपण तांदूळ वाढवतो, ती पाणी वाढवते. पाहुणा दोन्हीकडे जेवतो." दुसऱ्या दिवसापासून पेल्याला त्यांची हरकत राहिली नाही.

पुढे यांना नवी नोकरी लागली, पण वही थांबली नाही. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा एक अहवाल आला. २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले सुमारे ६० टक्के घराघरांतून, असे त्यात म्हटले होते. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो. यांनी लगेच चौघांचे २२० किलो मांडले, आमची वही काढली आणि आमचा आकडा त्याच्या निम्म्याहून कमी निघाला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपण पास." मी म्हटले, "ते लोक साली-देठेही धरतात. आपण धरीत नाही." कादंबरीत मी खुशाल खोटे लिहीन, या वहीत आता लिहवत नाही.

सरकारही असा हिशेब घेते. घरखर्चाच्या पाहणीत घरच्या शेतातले धान्य शेतावरच्या भावाने आणि रानातून फुकट आणलेले स्थानिक भावाने धरतात, असे यांनी कुठेसे वाचले. २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या माणसाचा महिन्याचा खर्च सरासरी ४१२२ रुपये निघाला, आणि त्यातला सुमारे ४७ टक्के अन्नावर. जिथे निम्मा संसार ताटातच जातो, तिथे ताटाचा हिशेब ठेवण्यात कद्रूपणा तो कसला?

गेल्या दिवाळीत, वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशी, मावशी काकडीच्या सावेल्या घेऊन आली. नव्या तांदळाचे पीठ, पानात वाफवलेले. मी फराळाचा मोठा डबा तिच्यापुढे केला. तिने घरातली माणसे बोटांवर मोजली, तेवढेच लाडू आणि चकल्या घेतल्या, आणि डबा माझ्याकडे परत सरकवला. मुलगा आणि सून चार दिवसांनी पुन्हा भट्टीवर निघणार होती.

रात्री हे वही घेऊन बसले. "आवक : सावेल्या, नग ८. दर काय लावू?"

मला ती श्रावणातली टाकळ्याची जुडी आठवली. तिचाही दर अजून भरलेला नाही.

मी म्हटले, "तो रकाना कोराच राहू द्या."