नीलपंखाचे दर्शन



दसरा जवळ आला की आपल्या आदिलाबादेत दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. जम्मीचे झाड कुठे आहे, आणि पालापिट्ट कुठे दिसेल? आपण मराठी मंडळी आपट्याचे सोने वाटतो, शेजारची तेलुगू मंडळी जम्मीची पाने देतात. पण त्या पक्ष्याचे दर्शन दोन्ही घरांना हवे असते. तेलुगूत 'पाल' म्हणजे दूध. याची पिसे चाऱ्यात मिसळली तर गाय जास्त दूध देते, अशी जुनी समजूत आहे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून आमच्या तोंडी 'नीलकंठ' बसलेला. पण नीट पाहिले तर त्याचा गळा निळा नसतोच, तपकिरी-जांभळट असतो. खरी निळाई पंखांत आणि शेपटीत, आणि ती उघडते तो उडाला म्हणजे. मराठीतले 'नीलपंख' हे नाव त्याला अधिक शोभते. हाच तेलंगणाचा राज्यपक्षी, आणि पूर्वीच्या एकत्रित आंध्र प्रदेशाचाही तोच होता.

गेल्या दसऱ्याआधी एका पालकांनी प्रेमाने सुचवले, "सर, पिंजऱ्यातला पक्षी घेऊन एक माणूस येतो. शंभर-दोनशे रुपयांत साऱ्या शाळेला दर्शन होईल." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण दसऱ्याला असा पक्षी दाखवण्यासाठी त्याला आधी जाळ्यात पकडतात, पाय बांधतात, उडू नये म्हणून पंख कापतात किंवा चिकटवतात. सण संपेपर्यंत किती तरी पक्षी मरून जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हाही आहे. आम्ही त्यांना नम्रपणे नाही म्हटले आणि ठरवले की पक्षी शाळेत आणायचा नाही, शाळाच पक्ष्याकडे न्यायची.

एका रविवारी सकाळी सहा वाजता सहावी-सातवीची 26 मुले, दोन शिक्षक आणि एक कॅमेरा घेऊन आम्ही बेल्याच्या रस्त्याने निघालो. दुतर्फा पऱ्हाटी, मधूनमधून सोयाबीनची मोकळी झालेली रानं. तास-दीड तास कोतवाल, वेडे राघू, साळुंक्या दिसल्या, नीलपंख नाही. मुले कंटाळली. "सर, पिंजऱ्यातला तरी दिसला असता," असे एकाने म्हटलेच. आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग विजेच्या तारेवर तो दिसला. अगदी गप्प, मातकट. एका मुलाने हळूच विचारले, "सर, खडा मारू का? उडेल मग, फोटो येईल." विज्ञानाचे सर म्हणाले, "थांब जरा. त्याला भूक लागली की तो आपणच उडेल." पंधरा-वीस मिनिटे 26 मुले धुऱ्यावर न बोलता बसली. वर्गात हे आम्हाला कधी साधलेले नाही! अचानक तो खाली झेपावला, पंखांची निळाई झळकली, आणि चोचीत नाकतोडा घेऊन पुन्हा तारेवर. फोटो थोडा हललेला आला, पण पंख उघडलेले आले.

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. सालिम अली यांनी निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला जिल्हा त्या राज्यातच होता. त्या काळी अभ्यासासाठी पक्षी बंदुकीने टिपावे लागत. आज कॅमेऱ्याने टिपता येतात. दूर दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावर पक्ष्यांचे फोटो काढायला जगभरातून लोक जातात. आपल्याला बेल्याच्या रस्त्यापर्यंत जाणे पुरते. नियम मात्र सगळीकडे सारखेच. घरट्याजवळ जायचे नाही, हाकलायचे नाही, आवाज काढून फसवायचे नाही.

हा पक्षी कायम दिसेलच असे गृहीत धरू नये. 2023 च्या देशव्यापी पक्षी-अहवालानुसार मागच्या बारा-एक वर्षांत नीलपंखांची संख्या सुमारे 30 टक्क्यांनी घटली आहे. नाकतोडे, भुंगे, किडे हे त्याचे अन्न. जुन्या झाडाची ढोली हे त्याचे घर. शेतावर वारेमाप औषध फवारले आणि धुऱ्यावरचे वाळके झाड तोडले, तर तो राहणार कुठे आणि खाणार काय?

म्हणून पालकांना विनंती. येत्या दसऱ्याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासाठी एक रुपयाही देऊ नका. गिऱ्हाईक नसेल तर पकडणाराही राहणार नाही. आपल्या धुऱ्यावर ढोली असलेले एखादे झाड असेल तर ते राहू द्या. आणि मुलांना घेऊन सकाळी शेताकडे चला. नीलपंख दिसेलच असे सांगता येत नाही; पण आपण होऊन दिसला, तर तेच खरे दर्शन.