मरीज आणि मुसाफिर

ट्रक ड्रायव्हर म्हटला की आपल्याकडे दोन गोष्टी पटकन बोलल्या जातात. एक, तो पितो. दोन, तो झोपत नाही. आमच्या भाईजानच्या बाबतीत पहिली गोष्ट कधीच खरी नव्हती. दुसरी होती.

सोलापुरात कांद्याचा हंगाम म्हणजे ड्रायव्हरच्या कमाईचे दिवस. डिसेंबर-जानेवारीत मार्केट यार्डातून गाडी भरली की विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग करीत बंगळूर गाठायचे. सहाशेच्या आसपास किलोमीटर, तेही रातोरात, कारण कांदा नासतो आणि उशिरा पोचला की भाव पडतो. माल उतरला की परतीचे भाडे शोधायचे, मिळाले की पुन्हा निघायचे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात ड्रायव्हरला दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा, अशी मर्यादा होती. पण पाचपेक्षा कमी कामगार असतील तिथे तो कायदा लागूच नव्हता, आणि आमच्याकडचे निम्मे शेठ एका-दोन गाड्यांचे. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. यार्डात अजून कुणी त्याचे नाव काढलेले आम्ही ऐकले नाही.

2015 च्या जानेवारीत भाईजान सलग तीन फेऱ्या करून घरी आले आणि थकलेच नव्हते. चार रात्री झोप नाही, तरी डोळे चमकत होते. बोलणे थांबत नव्हते. आपण तीन गाड्या घेतोय, एक अम्मीच्या नावावर, असे सांगत होते. रात्री दोनला उठून जुन्या क्लीनरांना फोन लावत होते. भाड्याचे पैसे एका ढाब्यावर वाटून आले होते. आधी घरात सर्वांना आनंदच झाला, कारण भाईजान मुळात कमी बोलणारे. भाभी मात्र पहिल्या दिवशीच म्हणाली, "हे माझ्या ओळखीचे नाहीत." पंधरा-वीस दिवसांनी तेच भाईजान भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायला उठवले तर डोळ्यांतून पाणी यायचे. गाडीची चावी खुंटीवर तशीच लटकत राहिली.

मोहल्ल्यात या आजाराला नाव नव्हते असे नाही. उलट नावे फार होती. कुणी 'असर' म्हटले, कुणी 'हवा', कुणी नजर. आणि एकाने आमच्या तोंडावर 'येरवड्याला न्या' म्हणून सांगितले. उर्दूच्या तासाला आम्ही मुलांना गझल शिकवतो. तिथे दीवाना, जुनून, वहशत हे सारे शब्द मानाचे आहेत; आशिक जितका दीवाना तितका मोठा. वर्गातून बाहेर पडून गल्लीत आलो की तोच शब्द 'पागल' होतो आणि घराच्या मुलींच्या लग्नांपर्यंत जाऊन पोचतो. अम्मी गुलबर्ग्याला ख्वाजा बंदानवाजांच्या दर्ग्यात जाऊन मन्नत मागून आली. आम्ही डॉक्टरांचा पत्ता शोधला. या दोन गोष्टींचे आमच्या घरात भांडण झाले नाही. जुन्या काळात तरी कुठे झाले होते? कैरोत 1284 साली सुलतान कलावूनने बांधलेल्या दवाखान्यात मनाच्या रुग्णांसाठी वेगळी जागा होती, आणि त्याच आवारात मदरसाही होता.

डॉक्टरांनी बायपोलर हे नाव सांगितले. कधी उन्माद, कधी नैराश्य, आणि मधले दिवस अगदी आपल्यासारखे. झोप गेली की आजार उसळतो आणि आजार उसळला की झोप जाते, एवढे समजावून त्यांनी लिथियम सुरू केले. भाईजान बरे वाटू लागल्यावर हसून म्हणाले, "म्हणजे माझ्यात बॅटरीचाच माल भरला की!" धातू तोच आहे. 1949 मध्ये जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने तो उन्मादावर वापरून पाहिला, तेव्हापासून हे औषध चालत आले.

पण या गोळीच्या अटी आणि ट्रकच्या केबिनच्या अटी एकमेकींच्या उलट्या आहेत, हे आम्हाला हळूहळू समजले. गोळी म्हणते वेळेवर झोपा. शेठ म्हणतो सकाळपर्यंत पोचा. गोळीने तहान लागते, लघवीला वारंवार जावे लागते. भरलेली गाडी घाटात कुठे थांबवणार? म्हणून ड्रायव्हर पाणीच कमी पितो. इंजिनाच्या उष्णतेने केबिन तापते, घाम जातो, अंगातले पाणी-मीठ कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते. जास्त वाढले तर हात कापतात, उलट्या-जुलाब होतात, चाल अडखळते, जीभ जड होते. म्हणजे न पिणारा माणूस प्यायल्यासारखा दिसतो. त्यात कंबरदुखी हा तर या धंद्याचा जोडीदार. मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅक नाही तर आयब्रुफेन घ्यायचे आणि निघायचे, ही सगळ्याच ड्रायव्हरांची रीत. आणि नेमक्या याच गोळ्या रक्तातले लिथियम वाढवतात. भाभीने डॉक्टरांकडून लिहून आणलेला कागद आम्ही उर्दूत आणि मराठीत करून दिला. तो अजून त्यांच्या लायसन्सच्या पाकिटात आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट. भाईजान चालवतात ती गाडी त्याआधीची आहे.

सर्वांत अवघड गेला तो रमजान. 2022 ते 2024 या वर्षांत तो मार्च-एप्रिलच्या उन्हात आला. डॉक्टरांनी दिवसभर पाण्याशिवाय राहायला मनाई केली. भाईजानना ती गोळ्यांपेक्षा कडू लागली. लहानपणापासून एक रोजा न सोडलेला माणूस. पडदा लावलेल्या हॉटेलात बसून पाणी पिताना ओळखीचे कुणी पाहील म्हणून मान खाली घालत. शेवटी आम्ही दोघे हाफिजसाहेबांकडे गेलो. त्यांनी फार शब्द खर्चले नाहीत. "मरीजला सवलत आहे, मुसाफिरलाही आहे. तुम्ही तर दोन्ही आहात, बेटा. फिदया द्या आणि पाणी प्या." त्या दिवशी भाईजान मशिदीच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. मग उठून तिथल्याच माठातले पाणी प्यायले, सर्वांसमोर.

लायसन्सच्या नूतनीकरणाची गोष्ट मात्र सवलतीची नव्हती. फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे: तुमच्या गाडी चालवण्याने लोकांना धोका होईल असा दुसरा कोणता आजार आहे काय? घरातले सगळे कागद आम्हीच भरतो, पण त्या रकान्यापाशी भाईजाननी पेन मागून घेतले आणि 'डॉक्टरांचे पत्र जोडले आहे' असे लिहिले. तब्येत स्थिर असेल, झोप पुरी असेल, रक्ताची तपासणी ठीक असेल तर दिवसा चालवू शकतात. औषध बदलताना किंवा आजार उसळला असताना नाही, असा त्या पत्राचा मजकूर. कार्यालयाने या टेबलावरून त्या टेबलावर करीत चार महिने घेतले. ते चार महिने चूल भाभीच्या शिलाईवर आणि आमच्या पगारावर चालली. ओळखीचे ड्रायव्हर म्हणाले, "'नाही' लिहायचे होते, कोण बघतो?" मोटार वाहन कायद्याचे 186 वे कलम तेवढ्यासाठीच आहे. धोका ठाऊक असून गाडी चालवली तर पहिल्या वेळी दंड हजार रुपयांपर्यंत. रकमेची भीती आम्हाला नव्हती. आमच्या शाळेची मुले याच हायवेच्या कडेने चालत येतात.

जुन्या शेठने आजार कळताच चावी काढून घेतली होती. नव्या शेठला भाईजाननी आजार सांगितला नाही, आपले नियम सांगितले: रात्री दहानंतर चाक धरणार नाही, दोन रात्री झोप बिघडली तर तिसऱ्या दिवशी येणार नाही. शेठ म्हणाला, "मग लोकल करा." तेव्हापासून चिंचोळीच्या एमआयडीसीतून शहरात माल आणतात. लाईनच्या गाडीच्या मानाने पैसा बराच कमी. इतकी वर्षे गेली, मधे दोनदा आजाराने डोके वर काढले. दोन्ही वेळा भाभीने चावी लपवली नाही, भाईजाननी स्वतःच आणून तिच्या हातात दिली.

यंदा भतीजी बारावीला आहे, पुढे नर्सिंगला जायचे म्हणते. हंगाम तोंडावर आला तसा शेठने पुन्हा बंगळूरचा विषय काढला. भाईजान म्हणाले, जोडीला दुसरा ड्रायव्हर द्या. दहापर्यंत मी, पुढे तो. शेठ दुसऱ्याच्या भत्त्याचा हिशेब करतोय, उत्तर आलेले नाही. उद्या रक्त द्यायचे आहे. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यावे लागते, म्हणून सकाळची फेरी साडेदहाला आहे.