पळसदेवची डिझेल

जुनी मोटार पाहावयास जाणाऱ्याने देवळे पाहू नयेत, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे. पळसदेवला इलाज नाही. उजनी धरण १९८० साली पुरे झाले. जुने गाव भीमेच्या फुगवट्याखाली गेले. पळसनाथाचे देऊळ पाणी ओसरले की वर येते.

गाडी टाटा इस्टेट : पुण्याचीच, १९९२ साली बाजारात आलेली, मागे ऐसपैस जागा. मीटरवर अडीच लाख किलोमीटर! बॉनेटला हात लावला, तो गरम. डिझेलचे खरे वय थंड इंजिनच सांगते. दुसऱ्या दिवशी पहाटेच गेलो. निळा धूर, ऑइलचे झाकण काढताच तिथूनही भपकारा.

"रिंगा गेल्यात, सर," मिस्त्री पुटपुटला.

इंजिनकामाचा खर्च भावातून वजा करा म्हटले. मालकांनी मान फिरवली. सौभाग्यवती मात्र अजून मागची जागा वितीने मोजत होत्या.